‘जी’ घराण्याचे डॉ. वॉर्थिन

लाळग्रंथीत होणाऱ्या एका सौम्य गाठीला ‘वॉर्थिन ट्यूमर’ म्हणतात. ऊतींच्या पातळ कापात दडलेले जंतू काळे करून दाखवणाऱ्या चांदीच्या रंगप्रक्रियेचे नाव ‘वॉर्थिन-स्टॅरी’ असे आहे. गोवराचे पुरळ अंगावर उठण्याआधीच टॉन्सिलमध्ये दिसणाऱ्या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशींनाही याच गृहस्थांचे नाव जोडलेले आहे. वैद्यकाचे विद्यार्थी ही तिन्ही नावे परीक्षेपुरती पाठ करतात. ज्या कामासाठी डॉ. आल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांची आठवण सर्वाधिक ठेवायला हवी, ते मात्र दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाते. मोठे आतडे, गर्भाशय आणि इतर काही अवयवांत पिढ्यान् पिढ्या उद्भवणाऱ्या आनुवंशिक कर्करोगाला आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. हेन्री लिंच यांचा जन्म १९२८ सालचा. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९१३ मध्ये, वॉर्थिन यांनी अशा एका घराण्याची तपशीलवार वंशावळ छापली होती. लिंच यांनी हे ऋण नेहमीच मान्य केले.

ती वंशावळ केवळ प्रयोगशाळेत तयार झालेली नव्हती. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका तरुणीने आपल्या नातलगांचे आजार आणि मृत्यू गोळा करून त्यातील बरीचशी माहिती पुरवली होती. आनुवंशिक कर्करोगाच्या संशोधनात आपण होऊन सहभागी झालेल्या पहिल्या काही व्यक्तींत तिची गणना करावी लागते. वॉर्थिन यांचे चरित्र तिच्याशिवाय सांगता येत नाही.

वॉर्थिन यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८६६ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ग्रीन्सबर्ग या गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी मठवासी ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या माहेरच्या घराण्यातील स्तनांच्या कर्करोगाची पिढीवार नोंद छापली. मेंडेल यांच्याकडे पुढची चौतीस वर्षे जगाने लक्ष दिले नाही. ब्रोका यांची नोंदही एक विलक्षण उदाहरण म्हणून बाजूला पडली.

मुलाचा पहिला ओढा संगीताकडे होता. सिनसिनाटीच्या संगीत विद्यालयातून त्यांनी संगीतशिक्षकाची पदविका मिळवली. पियानोवरचा त्यांचा हात चांगला होता आणि पुढे आयुष्यभर ही आवड टिकली. इंडियाना विद्यापीठाची पदवी घेऊन ते वैद्यकासाठी मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बरला आले. १८९१ मध्ये एम.डी. आणि दोन वर्षांनी पीएच.डी. झाली. डॉ. जॉर्ज डॉक या नामांकित वैद्यकाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. त्या काळी विकृतिशास्त्र शिकायचे तर जर्मन भाषक देशांत जावे लागे. वॉर्थिनही व्हिएन्ना, फ्रायबुर्ग, म्युनिक अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत जाऊन शिकून आले. १८९५ च्या सुमारास मिशिगनमधील विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९०३ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि मृत्यूपर्यंत त्या विभागाचे प्रमुख राहिले.

प्रयोगशाळा हाती येताच त्यांनी एक शिस्त लावली. शल्यचिकित्सकाने रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा टाकून द्यायचा नाही, तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात ही गोष्ट गृहीत धरली जाते. तेव्हा ती नवी होती आणि सर्वच शल्यचिकित्सकांना ती रुचणे शक्य नव्हते, कारण हाताने केलेल्या निदानाची चूक काचपट्टीवर उघडी पडत असे. या शिस्तीमुळे ॲन आर्बरच्या कपाटांत वर्षानुवर्षे काचपट्ट्या, नोंदी आणि रुग्णांचे वृत्तांत साठत गेले. गाठ खरोखरच कर्करोगाची होती की नाही, हे दहा-पंधरा वर्षांनंतरही पडताळून पाहता येईल असा तो साठा होता. आनुवंशिकतेच्या प्रश्नात याचे महत्त्व फार मोठे ठरले. घराण्यात कर्करोग आहे असे सांगणारे पुष्कळ असतात, पण आजोबांना नेमके काय झाले होते हे सिद्ध करणारा कागद क्वचितच सापडतो.

शिवणकाम करणाऱ्या त्या तरुणीची आणि वॉर्थिन यांची गाठ पडली तीही १८९५ मध्येच. वॉर्थिन तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. तरुणी प्रकृतीने धडधाकट होती, पण मनाने खचलेली दिसत होती. कारण विचारताच तिने सांगितले, की आपण फार जगणार नाही. आपल्या घराण्यातील माणसे गर्भाशयाच्या नाहीतर पोटाच्या कर्करोगाने जातात आणि आपलाही शेवट तसाच होणार, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. अशा बोलण्यावर डॉक्टरमंडळी सहसा धीर देऊन विषय बदलतात. पुष्कळांनी ते स्त्रीसुलभ काळजीचे म्हणून सोडून दिले असते. वॉर्थिन यांनी तिला कोण, केव्हा, कशाने गेले, ते विचारायला सुरुवात केली.

येथे त्या काळाचे भान ठेवायला हवे. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्याच नोव्हेंबरात लागला. मेंडेल यांचे नियम पुन्हा प्रकाशात यायला अजून पाच वर्षे होती आणि ‘जनुक’ या अर्थाचा शब्द रूढ व्हायला चौदा. कर्करोग जंतूंमुळे होतो, जखमेमुळे होतो, सततच्या दाहामुळे होतो, अशी अनेक मते प्रचलित होती. घराघरांत कर्करोगाचे नाव कुजबुजत घेतले जाई. विमा कंपन्या अर्जदाराच्या आईवडिलांच्या मृत्यूचे कारण विचारीत. मुलामुलींची लग्ने व्हायची असत. घराण्याला रोग लागलेला आहे असे बाहेर कळू देण्यात कोणाचाही लाभ नव्हता. अशा वेळी एका स्त्रीने काका, आत्या, चुलतभावंडे यांच्याकडे जाऊन, कुटुंबात चालत आलेल्या आठवणी विचारून मृत्यूंचा हिशेब जमवावा आणि तो विद्यापीठातल्या डॉक्टरच्या स्वाधीन करावा, ही लहान गोष्ट नव्हती. आजच्यासारखे संमतिपत्रक नव्हते, नैतिकता समिती नव्हती, माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा नव्हता. एका डॉक्टरवरचा विश्वास एवढीच हमी होती. बदल्यात उपचार मिळेल अशी आशा तर अजिबात नव्हती.

वॉर्थिन यांनी तो विश्वास एका बाबतीत पूर्णपणे पाळला. छापील निबंधात त्यांनी घराण्याचे नाव कोठेही येऊ दिले नाही. ‘जी’ घराणे, एवढाच उल्लेख केला. पुढे सुमारे शतकभर वैद्यकाच्या वाङ्मयात हे कुटुंब त्या एका अक्षराने वावरले.

घराण्याचा मूळ पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतून येऊन मिशिगनमध्ये शेतकरी म्हणून स्थायिक झाला होता. साठीच्या आसपास तो पोटाच्या कर्करोगाने वारला. त्याला दहा मुले झाली. अमेरिकेत त्या काळी आलेल्या हजारो जर्मन कुटुंबांपैकीच हे एक. शेती करणारे, चर्चला जाणारे, भरपूर लेकुरवाळे. घराणे मोठे असणे आणि बहुतेक नातलग एकाच टापूत राहणे, या दोन गोष्टी संशोधनाच्या पथ्यावर पडल्या. माणसे दूरवर विखुरली असती तर मृत्यूंमधील साम्य कोणाच्या लक्षातही आले नसते.

१९१३ मध्ये वॉर्थिन यांनी अंतर्गत वैद्यकाच्या एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकात आपला निबंध छापला. १८९५ पासून प्रयोगशाळेत तपासलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचे कौटुंबिक वृत्तांत त्यांनी धुंडाळले होते. त्यांत काही कुटुंबे अशी आढळली, की जेथे कर्करोग योगायोगाने यावा त्याहून फार अधिक वेळा आला होता. त्या सर्वांत ठळक उदाहरण ‘जी’ घराण्याचे होते. मूळ पुरुषाच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कर्करोगाने मरण पावले होते किंवा त्यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. गर्भाशयाचे दहा आणि जठराचे सात. रोग शरीरात कोठेही होत नव्हता, ठरावीक अवयव निवडत होता. अशा कुटुंबांत तो तुलनेने तरुण वयात येतो, हेही वॉर्थिन यांनी नोंदवले. घराण्याच्या काही शाखा मात्र पूर्णपणे मोकळ्या राहिल्या होत्या.

या निबंधात सारेच बरोबर नव्हते. कर्करोगाची प्रवृत्ती असलेल्या घराण्यांत क्षयाचीही प्रवृत्ती असते, असे त्यांना वाटले. ते टिकले नाही. परंतु वय, अवयव आणि शाखा यांविषयीची तिन्ही निरीक्षणे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. प्रयोगशाळेतील यंत्रसामग्री पाहता सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि पत्रव्यवहार यांपलीकडे त्यांच्यापाशी काही नव्हते.

जिच्यामुळे हे सारे सुरू झाले, ती स्त्री तिने भाकीत केल्याप्रमाणेच गर्भाशयाच्या कर्करोगाने अकालीच गेली. ज्या संशोधनाला तिने आपली माहिती दिली त्याने तिला वाचवले नाही. वाचवता येणे त्या काळी शक्यही नव्हते. घराण्याच्या वृक्षात तिची नोंद आणखी एका काळ्या खुणेने झाली.

वॉर्थिन यांच्या इतर कामाचा पसाराही मोठा होता. सिफिलिस या रोगाच्या मागे ते वर्षानुवर्षे लागलेले होते. शवविच्छेदनात हृदय आणि महाधमनी तपासून त्यांनी दाखवले, की जिवंतपणी कोणालाही संशय न आलेल्या अनेकांच्या शरीरात या रोगाच्या खुणा असतात. त्याचे सूक्ष्म मळसूत्री जंतू ऊतींत दिसावेत म्हणून त्यांनी सहकारी स्टॅरी यांच्यासह १९२० मध्ये चांदीची ती रंगप्रक्रिया तयार केली. तिची पुढची कहाणी चटका लावणारी आहे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांनी जठराच्या तुकड्यांवर हीच प्रक्रिया वापरली आणि जठराचा दाह व व्रण यांना कारणीभूत ठरणारे जंतू त्यांना दिसले. २००५ मध्ये त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. हेच जंतू जठराच्या कर्करोगालाही कारण होतात हे आता सर्वमान्य आहे. ‘जी’ घराण्यातील जठराच्या कर्करोगाचे कोडे ज्यांच्यापुढे होते, त्यांच्याच चांदीने त्या रोगाचे एक कारण अर्ध्या शतकानंतर उघडे केले.

पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने भाजलेल्या सैनिकांचा प्रश्न आला, तेव्हा वॉर्थिन आणि त्यांचे शिष्य कार्ल वेलर यांनी त्या वायूच्या परिणामांचा अभ्यास करून १९१९ मध्ये पुस्तक लिहिले. गोवरातील महापेशींवरचे त्यांचे काम अगदी अखेरचे, १९३१ सालचे. याखेरीज मृत्यूचे नृत्य दाखवणारी जुनी युरोपीय चित्रे आणि पुस्तके जमवण्याचा त्यांना छंद होता. राजा, भिक्षू, वैद्य, सगळ्यांचा हात धरून सांगाडा नाचतो आहे, असे त्या चित्रांचे स्वरूप. त्यातील वैद्याच्या चित्रांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. रोज शवागारात उभे राहणाऱ्या माणसाला हा छंद लागावा यात फारसे नवल नाही.

१९२५ मध्ये ते ‘जी’ घराण्याकडे पुन्हा वळले. मधल्या बारा वर्षांत नवी पिढी वयात आली होती आणि तिच्यातही कर्करोग दिसू लागला होता, काहींत आधीच्या पिढीपेक्षाही लवकरच्या वयात. पहिला निबंध हा निव्वळ योगायोगांचा खेळ होता असा आक्षेप घेणाऱ्यांना या दुसऱ्या निबंधाने उत्तर मिळाले. एका घराण्याचा असा मागोवा पिढीनंतर पिढी घेत राहणे हाच खरा पुरावा होता आणि तो घराण्यातील माणसांनी दार उघडे ठेवले म्हणूनच शक्य झाला.

तरीही वैद्यकजगताने वॉर्थिन यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. शिकागोत मॉड स्लाय या संशोधिका हजारो उंदरांची पैदास करून कर्करोग वारशाने येतो असे सांगत होत्या. उंदरांवरच काम करणारे क्लॅरन्स कुक लिटल यांचा त्यांच्या पद्धतीला कडाडून विरोध होता. हेच लिटल १९२५ ते १९२९ या काळात मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष होते, म्हणजे वॉर्थिन यांच्याच विद्यापीठाचे. वाद उंदरांचा होता, परंतु त्याच्या धुरळ्यात माणसांच्या वंशावळी झाकल्या गेल्या. शिवाय कर्करोगाविरुद्ध जनजागृती करणाऱ्यांना आनुवंशिकतेची चर्चा गैरसोयीची वाटे. रोग रक्तातच आहे असे कळल्यावर लोक डॉक्टरकडे यायचेच थांबतील, ही भीती होती. ती सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येत नाही.

वॉर्थिन यांच्या विचारांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते सुप्रजननाच्या, म्हणजे ‘उत्तम’ माणसांचीच संतती वाढावी या विचारसरणीचे पुरस्कर्ते होते. त्या काळच्या अमेरिकेत हा विचार प्रतिष्ठित मानला जाई. प्राध्यापक, न्यायाधीश आणि धर्मोपदेशक त्यात सामील होते. ‘जी’ घराण्यावरचा पहिला निबंध निघाला त्याच १९१३ मध्ये मिशिगन राज्याने मनोदुर्बल ठरवलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२८ मध्ये बॅटल क्रीक येथे भरलेल्या वंशसुधारणा परिषदेत वॉर्थिन यांनी भाषण केले आणि १९३० च्या आपल्या पुस्तकात जीवशास्त्राच्या पायावर उभे असलेले एक जीवनतत्त्वज्ञानच मांडले. त्यांच्या दृष्टीने व्यक्ती ही वंशाच्या प्रवाहातील एक दुवा होती. पुढे जर्मनीत १९३३ नंतर या विचाराचे काय झाले, ते पाहायला ते हयात नव्हते.

आपले मृत्यू मोजायला देणाऱ्या घराण्याकडे मोजणारा ‘सदोष वंश’ म्हणून पाहत असेल, तर त्या देण्याचा अर्थ काय उरतो? शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीला यातील किती ठाऊक होते, हे कागदपत्रांतून कळत नाही. कर्करोगाच्या आनुवंशिकतेचे संशोधन मागे पडण्यात या विचारसरणीच्या बदनामीचाही हात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसांच्या वंशावळी काढणाऱ्याकडे काही काळ संशयानेच पाहिले गेले.

२३ मे १९३१ रोजी वॉर्थिन यांचे ॲन आर्बर येथे निधन झाले. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. त्यांचे शिष्य वेलर विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी ‘जी’ घराण्याची फाइल बंद होऊ दिली नाही. १९३६ मध्ये सहकारी हाउझर यांच्यासह त्यांनी या घराण्याचा आणखी एक अहवाल छापला. त्यानंतर ही कागदपत्रे जवळजवळ तीन दशके कपाटात पडून राहिली.

ती बाहेर निघाली ती हेन्री लिंच यांच्यामुळे. नेब्रास्कातील ओमाहा येथे १९६२ मध्ये लिंच उमेदवारी करत असताना दारूच्या व्यसनातून सावरणारा एक रुग्ण त्यांना भेटला. आपल्या घराण्यातील माणसे कर्करोगाने मरतात, आपणही मरणार, म्हणून आपण पितो, असे त्याने सांगितले. १८९५ च्या घटनेची ही जणू पुनरावृत्तीच होती. लिंच यांनी सामाजिक कार्यकर्त्या ॲन क्रश यांना बरोबर घेऊन त्या कुटुंबाची वंशावळ काढली आणि १९६६ मध्ये अशा दोन घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिशिगनच्या विकृतिशास्त्र विभागाने वॉर्थिन यांचे जुने दप्तर त्यांच्या हवाली केले. १९७१ मध्ये लिंच आणि क्रश यांनी ‘जी’ घराण्याची १८९५ ते १९७० अशी पाऊण शतकाची हकिकत छापली. रोगाला लिंच यांचे नाव मिळाले ते १९८४ मध्ये. ते सुचवणारे डॉ. रिचर्ड बोलंड यांच्या स्वतःच्या घराण्यातही हाच रोग होता.

या पाऊण शतकात एक गोष्ट बदलली होती. वॉर्थिन यांच्या काळी घराण्यात जठराचा कर्करोग फार होता. नंतरच्या पिढ्यांत तो घटला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. सर्वसाधारण अमेरिकन समाजातही नेमके हेच घडत होते. वारसा तोच, पण तो कोणत्या अवयवात प्रकट होईल यावर अन्न, जंतू आणि राहणी यांचाही प्रभाव पडतो, असा त्याचा अर्थ. रक्तात आहे ते टळत नाही, या समजुतीला यामुळे पहिला तडा गेला.

१९९३ मध्ये एमएसएच-२ हे जनुक सापडले आणि कोड्याची उकल झाली. पेशी दुभंगताना तिच्यातील डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत चुका राहतात. वृत्तपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक जसा खिळ्यांच्या चुका सुधारतो, तसे एमएसएच-२ आणि त्याचे भाऊबंद या चुका हेरून दुरुस्त करतात. आई किंवा वडील यांच्याकडून या जनुकाची बिघडलेली प्रत आली, की उरलेल्या एका प्रतीवर काम भागवावे लागते. एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की चुका साचत जातात आणि कर्करोगाला वाट मिळते. बिघडलेली प्रत मुलांकडे जाण्याची शक्यता दर अपत्यामागे निम्मी असते. ‘जी’ घराण्यातील दोष २००० मध्ये निश्चित झाला. २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात घराण्याचा ताजा वृत्तांत आला, तेव्हा ज्ञात वंशजांची संख्या नऊशेच्या वर गेली होती. एमएसएच-२ मधील एका अक्षराचा फरक, एवढाच त्या साऱ्या मृत्यूंमागचा दोष होता.

वॉर्थिन यांना जे देता आले नाही, ते आता देण्याजोगे होते. फिनलंडमध्ये अशा २२ कुटुंबांतील २५२ जणांचा पंधरा वर्षे पाठपुरावा झाला. त्यांतील १३३ जणांनी दर तीन वर्षांनी दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून घेतली, ११९ जणांनी घेतली नाही. तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी राहिले आणि त्यांच्यापैकी कोणीही त्या रोगाने दगावले नाही. दुसऱ्या गटात नऊ जण दगावले. हा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. आता अशा व्यक्तींना याहून कमी अंतराने, साधारण दर एक-दोन वर्षांनी तपासणीचा सल्ला देतात. तपासणीत गाठीच्या आधीची अवस्था, म्हणजे आतड्यातील लहान मांसांकुर, तिथल्या तिथे काढून टाकता येते. मुले झाल्यावर गर्भाशय काढून टाकण्याचा पर्यायही स्त्रियांपुढे असतो. ज्या रोगाने ‘जी’ घराण्यातील इतक्या स्त्रिया गेल्या, त्याला त्यामुळे जागाच राहत नाही.

ॲस्पिरिनची चाचणी याच मालिकेतली. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे डॉ. जॉन बर्न यांच्या नेतृत्वाखाली हा वारसा असलेल्या ८६१ जणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. ४२७ जणांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन मिळाले आणि ४३४ जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. आपल्या हाती काय आले, हे कोणालाच माहीत नव्हते. सुरुवातीला फरक दिसेना. काही वर्षांनी तो दिसू लागला. २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ॲस्पिरिन घेणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय कमी होते. औषध बंद केल्यावर अनेक वर्षांनीही त्याचा गुण टिकून होता. ज्या ४३४ जणांच्या वाट्याला रिकामी गोळी आली, त्यांच्यावाचून हे सिद्ध झाले नसते. अर्थात ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे हा सल्ला तज्ज्ञाकडूनच घ्यावा लागतो.

विम्याची जुनी धास्ती मात्र पूर्णपणे गेली नाही. जनुकांच्या आधारे नोकरीत किंवा आरोग्यविम्यात भेदभाव करण्यास अमेरिकेत २००८ च्या कायद्याने बंदी आली, पण आयुर्विमा त्या कायद्याच्या बाहेर राहिला. रक्ताचा नमुना देण्यापूर्वी तेथील कुटुंबे याचा विचार करतात आणि काहीजण म्हणूनच नकार देतात.

‘जी’ या अक्षरामागचे नाव अखेर घराण्याच्या वंशजांनीच उघड केले. शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीचे नाव पॉलिन ग्रॉस. तिच्याच कुळातील कॅनडास्थित लेखिका ॲमी मके यांनी २०१९ मध्ये या घराण्यावर आणि स्वतःच्या तपासणीच्या निर्णयावर पुस्तक लिहिले. त्यांची स्वतःची चाचणी सदोष निघाली होती. इतर काही शाखांत ती निर्दोष निघते. अशा व्यक्तीला वारंवार तपासणीची गरज उरत नाही आणि तिच्या मुलाबाळांना तो दोष तिच्याकडून मिळण्याचा प्रश्न येत नाही. वॉर्थिन यांना १९१३ मध्ये मोकळ्या दिसलेल्या शाखा मोकळ्या का होत्या, तेही आता कळले आहे.